दोन इंजिनं, एकच ड्रम

आमच्या धरणात दोन इंजिनांची मोटरबोट चालते असं सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे आधी हसतात. बुलढाणा जिल्हा, त्यात आमचा कोरडा भाग, आणि दोन इंजिनांची बोट! मी वाद घालत नाही. सकाळी सातला त्यांना काठावर नेतो. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका कापूस वेचायला बोटीत चढताना दिसल्या की हसणं आपोआप थांबतं.

गोष्ट साधी आहे. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं. माणसं वर सरकली आणि दोन ठिकाणी वसली. एक वरचं गावठाण, एक खालचं. मी वरच्या गावठाणात राहतो. शेतं मात्र सगळी बुडाली नाहीत, बरीच पलीकडच्या काठावर उरली. माझी तीन एकर तिकडेच आहे. रस्त्याने वळसा घालून गेलं तर सत्तावीस किलोमीटर, पाण्यातून साडेतीन. टेम्पोला सव्वा तास लागतो, बोटीला चौदा मिनिटं. ही चौदा मिनिटं मी चाळीसेक वेळा घड्याळ लावून मोजली आहेत.

बोट एका गृहस्थाने पर्यटकांसाठी आणली होती. पर्यटक लोणारला सरोवर बघायला जातात, आमचं धरण बघायला कोणी येत नाही, हे दोन वर्षांत त्याच्या लक्षात आलं. त्याने ती दोन्ही गावठाणांना मिळून देऊन टाकली. सोळा माणसांची फायबरची बोट, मागे पंचवीस-पंचवीस हॉर्सपॉवरची दोन पेट्रोल इंजिनं. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र टाकी, चोवीस लिटरची. टाकीतून नळी निघते. नळीच्या मध्ये मुठीएवढा रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं, मग ते फिल्टरमधून इंजिनात जातं. टाकीच्या झाकणावर हवेचा बारका स्क्रू असतो. तो सैल करायचा राहिला तर टाकीत बाहेरची हवा शिरत नाही, थोड्या वेळाने पेट्रोल यायचं थांबतं आणि इंजिन बंद पडतं. देणाऱ्याने इतकं दाखवून दिलं आणि तो निघून गेला. दोन इंजिनं कशासाठी असतात हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, बैलजोडीसारखंच असेल. एकाला ओढ कमी पडते म्हणून दोन.

पेट्रोल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण एकोणीस वर्षं मी गावातलं दूध संकलन केंद्र चालवतो. पहाटे दूध मोजणं, फॅट काढणं, नोंद करणं, हे माझं रोजचं काम. बैठकीत खालच्या गावठाणातले एक काका म्हणाले होते, "माप त्याच्याकडंच द्या. थो आपल्या घरच्या म्हशीचं दूधही सोडत नाई."

ते खरं आहे. घरच्या म्हशीचं दूध मी दोनदा परत पाठवलं आहे, आणि दोन्ही वेळा त्या दिवशी मला घरी चहा मिळाला नाही.

सुरुवातीला पद्धत अशी होती. आठवड्यातून दोनदा प्रत्येक गावठाणाने पंधरा लिटरची एक कॅन भरून आणायची. वरच्यांची कॅन उजव्या टाकीत, खालच्यांची डाव्या टाकीत. महिनाभरात कुरबुर सुरू झाली. खालच्यांचं म्हणणं, डावं इंजिन खादाड आहे, आमचं पेट्रोल जास्त जळतं. मी मोजून पाहिलं. एका फेरीला उजवं इंजिन एक लिटर दोनशे मिली घ्यायचं आणि डावं एक लिटर तीनशे. शंभर मिलीचा फरक. चहाच्या एका कपाएवढा. पण दोन गावठाणांना भांडायला तेवढा पुरतो.

तोडगा मीच काढला. डोणगावच्या बाजारातून साठ लिटरचा जुना लोखंडी ड्रम आणला आणि काठावरच्या पत्र्याच्या शेडखाली उभा केला. त्याच्या तोंडावर हातपंप बसवला. दोन्ही कॅन ड्रममध्ये ओतायच्या. रोज सकाळी ड्रममधून मापाने काढून दोन्ही टाक्यांत सारखं सारखं भरायचं. कोणाचं पेट्रोल कोणत्या इंजिनात गेलं, हा प्रश्नच उरला नाही. दूध केंद्रात आम्ही हेच करतो. प्रत्येकाचं दूध मोजून घ्यायचं आणि एका मोठ्या कॅनमध्ये ओतायचं. बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. बोट चालवणारे दादा जन्मापासून पाण्यावर वाढलेले, मासेमारी करणारे. ते तेवढे म्हणाले, "दोन वेगळ्या टाक्या देल्ल्या व्हत्या त्यानं. कायले देल्ल्या असतीन?" त्यावर मी म्हणालो, "चोवीस लिटरची एकच टाकी पुरली नसती म्हणून." उत्तर आत्मविश्वासाने दिलं होतं. ते चूक होतं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. ड्रमच्या पंपाची नळी तळापर्यंत पोहोचत नव्हती, चार बोटं वर राहायची. म्हणजे तळाशी आठ-साडेआठ लिटर कायम उरायचं. ते मी शिल्लक म्हणून दर महिन्याला मांडत होतो. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की बोट दोन महिने बंद असते. ड्रम तिथेच उभा होता. दिवाळीनंतर कापूस फुटला आणि बोट पुन्हा सुरू झाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या वहीत तीन लिटरचा फरक आला. वहीप्रमाणे टाक्यांत जेवढं पडायला हवं होतं, त्यापेक्षा तीन लिटर कमी पडलं होतं. ड्रममधलं पंपाला लागणारं पेट्रोल संपलं होतं आणि कॅन दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. माझ्यासारख्या माणसाला तीन लिटर झोप लागू देत नाहीत. सकाळी मी शेडवर गेलो, पंप काढला, ड्रम तिरपा केला आणि तळातून बरोबर तीन लिटर मापात ओतून घेतलं. दीड लिटर उजव्या टाकीत, दीड डाव्या टाकीत. दोन्ही सारखं. वहीतला आकडा जुळला. मी पेन खिशाला लावलं.

त्या दिवशी बोटीत अकरा बायका होत्या. कापूस वेचणाऱ्या बायकांची ही टोळी माझी बायको नेते. कोणाच्या शेतात कधी जायचं, कोणी कोणती ओळ धरायची, हे ती ठरवते. टोळीत माझी चुलत वहिनी आहे, साठीला आलेली, पण वेचण्यात कोणाला ऐकत नाही. बोटवाले दादा मागे इंजिनांजवळ होते. मलाही माझ्या शेतात जायचं होतं म्हणून मी पुढे बसलो होतो. लाइफ जॅकेटं सगळ्यांना दिलेली होती. बायका ती अंगात घालत नसत, खाली घेऊन बसत. फळी थंड लागते म्हणे.

सहाव्या मिनिटाला उजवं इंजिन खोकलं. दोन-तीन धक्के दिले आणि बंद पडलं. दादांनी फुगा दाबला, दोरी ओढली. चालू होईना. मी म्हणालो, "राहू द्या, डाव्यावर चला." माझं वाक्य संपायच्या आत डावं इंजिन खोकलं.

इंजिनं थांबल्यावर किती शांत होतं, ते मला पहिल्यांदा कळलं. बोटीच्या बुडाला पाणी लागल्याचा आवाज ऐकू येत होता.

"काय झालं वो भाऊजी?" वहिनीने विचारलं. "पेट्रोल सरलं काय?"

"नाही. दोन्ही टाक्यांत आठ-आठ लिटर आहे."

"मंग काऊन बंद पडलं?"

मी हवेचे स्क्रू पाहिले. दोन्ही सैल होते. नळ्या पाहिल्या, कुठे दबल्या नव्हत्या. दादा आळीपाळीने दोन्ही इंजिनांच्या दोऱ्या ओढत होते. घामाने त्यांची बनियन भिजली होती. एकीने मागून टोमणा मारला, "दादा, बैलाले चारा टाका, मंग चालतीन." दोघी-तिघी हसल्या. हसणं फार वेळ टिकलं नाही, कारण वारा पूर्वेचा होता आणि बोट हळूहळू जुन्या गावाच्या बाभळींकडे सरकत होती. त्या बाभळी धरणात बुडालेल्या आहेत. काहींचे शेंडे पाण्यावर वीतभर दिसतात, बाकीच्या दिसतही नाहीत. फायबरची बोट त्यांच्यावर गेली तर फाटते.

दादांनी दोराला बांधलेला जात्याचा दगड पाण्यात सोडला. आमच्या बोटीचा नांगर तोच आहे. दोर ताणला, बोट वळली आणि थांबली. बाभळींपासून अंदाजे साठ पावलं. बायकांनी बसायला घेतलेली जॅकेटं मुकाट्याने काढली आणि घालायला सुरुवात केली. एकीला पट्टा लागेना. माझी बायको उठून तिचा पट्टा लावायला गेली. माझ्या जवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "अवो, दोन इंजिनं एकाच येळी कशी बंद पडतेत?"

 प्रश्न बरोबर होता. दोन वेगळी इंजिनं, दोन टाक्या, दोन नळ्या, दोन फिल्टर. एका मिनिटाच्या आत दोन्ही बंद. या दोन्हींत सारखं काय होतं? सारखं पेट्रोल होतं. आणि ते मी सारखं केलं होतं.

दादांच्या ओळखीचे दोन मासेमार थर्माकोलच्या तराफ्यांवरून जाळी काढत होते. त्यांना हाका मारल्या. त्यांनी दोर धरून, तराफे हाताने वल्हवत आम्हाला काठाकडे ओढलं. एक तास पन्नास मिनिटं लागली. उतरल्यावर वहिनीने जॅकेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या भाऊजी. आता हे तुमच्या बोटीतच ठेवा. आमी नाई बसत."

त्या दुपारी मी घरून लोणच्याची मोठी काचेची बरणी नेली. दोन्ही टाक्यांच्या तळातून पेट्रोल काढून तिच्यात ओतलं आणि उजेडात धरलं. खाली बोटभर थर वेगळा दिसत होता. रंगाने तसाच, पण मधली रेघ स्पष्ट होती. बरणी हलवली की दोन्ही मिसळायचे आणि दहा मिनिटांत पुन्हा रेघ उमटायची. आजकालच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं, आणि पाणी फार झालं की सगळं मिळून तळाला बसतं. हे मी मेहकरच्या एका मोटरसायकल मिस्त्रीला फोन करून विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "काका, हे तर आमच्याकडं रोज येते."

पाणी कुठून आलं ते शोधायला दोन दिवस लागले. दोन दिवसांत गावात मात्र निकाल लागून गेला होता. वरचे म्हणत होते, खालच्यांच्या कॅनला वायसर नाही, त्यातून पाणी गेलं. खालचे म्हणत होते, वरच्यांची कॅन फवारणीची आहे, धुतली पण वाळवलीच नाही. मी दोन्ही कॅन तपासल्या. दोन्ही चांगल्या होत्या. मग ड्रम तपासला. शेडच्या पत्र्याला वरून एक भोक होतं. पावसाचं पाणी ड्रमच्या माथ्यावर साचायचं, कारण माथा कडेपेक्षा खोल असतो. पंप बसवलेलं ड्रमचं तोंड त्या पाण्यात बुडलेलं राहायचं. दुपारी ड्रम तापला की आतली हवा फुगून बाहेर जाई, रात्री गार झाला की आत ओढली जाई, आणि हवेबरोबर पाणीही. दोन महिने रोज थोडं थोडं. ते तळाला बसलं, पंपाच्या नळीच्या चार बोटं खाली. पंप त्याला कधी लागला नसता. मी ड्रम तिरपा केला म्हणून ते टाक्यांत गेलं.

हे मी कोणाला सांगितलं नसतं तर कळलं नसतं. दोन्ही गावठाणं एकमेकांच्या कॅनवर आरोप करत राहिली असती, आणि पेट्रोल सांभाळणारा माणूस म्हणून माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. पण चुकीचं कारण धरलं की चुकीची दुरुस्ती होते. कॅन बदलल्या असत्या आणि ड्रम तसाच राहिला असता. मी बैठक बोलावली आणि बरणी मध्ये ठेवली.

"कॅन दोन्ही चांगल्या आहेत," मी म्हणालो. "पाणी ड्रममध्ये होतं. आणि ड्रम माझा. तिरपा मी केला."

"काऊन केला?" खालचे काका म्हणाले.

"तीन लिटरचा फरक येत होता. जुळवायला."

 मागून एक जण म्हणाला, "बाप्पा! दुधातलं पाणी तुमाले पाच पावलावरून दिसते, अन पेट्रोलातलं नाई दिसलं?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण प्रश्नात खोट नव्हती. दूध केंद्रात मी प्रत्येकाचं दूध आधी तपासतो आणि मगच मोठ्या कॅनमध्ये ओततो. एका घराचं नासकं दूध गेलं तर सगळ्या गावाचं नासतं. पेट्रोलाच्या वेळी मी दुधाचं अर्धंच काम उचललं. मोजलं आणि ओतलं. तपासलं नाही.

आणि दोन इंजिनांचा अर्थही मला बाभळींजवळ कळला होता, तो बैठकीत सांगितला. दोन इंजिनं वेगासाठी नसतात. एक बंद पडलं तर दुसऱ्याने घरी आणावं म्हणून असतात. ते तेव्हाच जमतं, जेव्हा एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. दोघांना एकाच ताटात वाढलं तर विषही दोघांना मिळतं. म्हणून आता ड्रम बाद. वरच्यांची कॅन एका टाकीत, खालच्यांची दुसऱ्या टाकीत, आणि एकाचा थेंब दुसऱ्यात जाणार नाही.

"अन डावं जास्त खाते त्याचं काय?" काकांनी लगेच विचारलं. माणूस विसरणारा नाही.

त्याचं उत्तर मी तयार करून नेलं होतं. पेट्रोल हलवायचं नाही, टाकी हलवायची. टाक्या उचलून ठेवता येतात, नळ्यांची टोकं काढून लावता येतात. एक दिवस वरच्यांची टाकी उजव्या इंजिनाला, दुसऱ्या दिवशी डाव्या. सहा दिवसांत दोघांनाही तीन-तीन दिवस खादाड इंजिन मिळेल. काकांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मान हलवली.

बैठक संपली. मला वाटलं, काम झालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचं सगयं ठरलं. बोटीत बसायचं कोणाले हाय?"

"तुम्हाला."

"मंग मीटिंगमध्ये आमाले कोणं इचारलं?"

हे खरं होतं. बैठकीत बत्तीस माणसं होती आणि त्यात एकही बाई नव्हती. टाक्या कोणी भरायच्या हे आम्ही ठरवलं होतं, पण बोट चालायची ती त्या अकरा बायकांवर. त्या गेल्या नाहीत तर पलीकडचा कापूस बोंडांतच राहणार. टेम्पोने त्या चार दिवस गेल्या. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. अडीच तास रोज वाया. त्यात आभाळ येत-जात होतं, आणि फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो काळा पडतो. पण या सगळ्यापेक्षा मला दुसरी गोष्ट लागली होती. माझ्या मापावर विश्वास ठेवून त्या बोटीत बसत होत्या. तो विश्वास परत मिळणार की नाही, हे फक्त त्यांच्या हातात होतं.

मी बायकोला म्हणालो, "उद्या रिकामी बोट फिरवून दाखवतो."

"रिकाम्या बोटीचं कोणाले पटन? रिकामं ढोरही पयते." ती पीठ मळत होती, हात थांबला नाही. "आमी बसतो. पण मधात गेल्यावर म्या सांगन तवा एक इंजिन बंद पाडायचं. कोणतं, थेही म्याच सांगन. अन त्या बाभळींच्या समोर."

"चालेल," मी म्हणालो.

"भेव नाई लागत तुमाले?"

"नाही. आता माझ्या लक्षात आलंय ते कसं चालतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर टेम्पोही उभा होता, इंजिन चालू ठेवून. टेम्पोवाला मधून मधून हॉर्न वाजवत होता. अकरापैकी पाच बायका बोटीत बसल्या. माझी बायको, वहिनी आणि गावातल्या तिघी तरुण सुना. बाकीच्या सहा जणी टेम्पोजवळ उभ्या राहिल्या. जाणार की राहणार, हे त्यांना बोट परत आल्यावर ठरवायचं होतं. निघण्याआधी मी दोन्ही टाक्यांतून बरणीत नमुना काढून दाखवला. वहिनीने बरणी हातात घेऊन उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले, आणि दहा मिनिटं तशीच ठेवायला लावली. रेघ आली नाही.

दोन्ही टाक्या बारा-बारा लिटर भरल्या होत्या. पेट्रोलाचे तीन भाग धरायचे. एक जायला, एक यायला, एक हातात शिल्लक. ही शिल्लक आता वहीसाठी नव्हती. एका इंजिनाला सगळी फेरी एकट्याने ओढावी लागली तर त्याला जास्त लागतं, ते त्यातून द्यायचं.

बाभळींच्या समोर आल्यावर बायकोने हात वर केला. "थांबा. डावं बंद करा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे गेलो आणि डाव्या टाकीची नळी टोकापासून काढली. डावं इंजिन लगेच बंद पडलं नाही. इंजिनाच्या आत थोडं पेट्रोल असतं, ते संपेपर्यंत ते चालतं. ते एक मिनिट मोठं होतं. बायका इंजिनाकडे बघत होत्या, मी बायकांकडे. मग ते खोकलं. तसंच, त्या दिवशीसारखं. एका सुनेने दुसरीचा दंड धरला.

डावं बंद पडलं. उजवं चालत राहिलं.

बोट हळू झाली, थोडी डावीकडे ओढू लागली. दादांनी हँडल वळवून तिला सरळ केलं. बाभळींचे शेंडे हळूहळू मागे गेले. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "या चालीने पलीकडे जायला पंचवीस मिनिटं लागतील. चौदाची पंचवीस. बस."

"बस म्हन्ते," वहिनी म्हणाली. "आता थे चालू करा अन हे बंद पाडा. तुमचं उजवं चांगलं हाय, डाव्याचं कोणं पाह्यलं?"

मी नळी परत लावली, फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, दादांनी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला डावं चालू झालं. मग उजव्याची नळी काढली. पुन्हा ते मोठं मिनिट, पुन्हा खोकला, आणि डाव्याने बोट ओढली. खादाड असलं तरी अंगात जोर होता.

वहिनीने जॅकेटचा पट्टा एकदा ओढून पाहिला. "चला दादा, फिरवा. थ्या सहाजणीले घेऊन जाऊ, नाई तर टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून मरन."

परत काठावर आलो तेव्हा बायको उतरली आणि टेम्पोजवळच्या सहा जणींशी बोलली. मी बोटीतच थांबलो. माझ्या बोलण्याने काही होणार नव्हतं. तिने किती वेळ घेतला, ते मी मोजलं नाही. चार जणी आल्या. येताना त्यांनी जॅकेटं हातात घेतली आणि बोटीत पाय टाकायच्या आधीच अंगात घातली. उरलेल्या दोघी टेम्पोत चढल्या. टेम्पोवाल्याने शेवटचा हॉर्न दिला आणि गेला.

"उद्या येतीन," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक आली. दुसरी त्या हंगामात पुन्हा बोटीत बसली नाही. ती आमच्या शेजारी राहते. मी तिला एकदाही विचारलं नाही, कारण तिचं चुकलेलं नव्हतं. बरणी आता वहिनीकडे असते. सकाळी दोन्ही टाक्यांचे नमुने ती पाहते, आणि तिने "चला" म्हटल्याशिवाय दादा दोरी ओढत नाहीत.

गेल्या महिन्यात एका सकाळी तिने नमुना परत केला. बरणीच्या तळाशी मोहरीएवढा एक पाण्याचा थेंब होता. टाकी वरच्या गावठाणाची होती. कॅन भरून आणायची पाळी माझ्या घराची होती. मी म्हणालो, "वहिनी, एवढ्याने काही होत नाही. फिल्टर एवढं पाणी सहज अडवतो." आकडा माझ्या बाजूने होता.

"मले नका सांगू," वहिनी म्हणाली. "काढा."

सगळ्या बायका काठावर बसून राहिल्या. मी टाकी उतरवली, तळातलं पेट्रोल काढून टाकलं, टाकी पुसून वाळवली, जादा ठेवलेली कॅन उघडून नव्याने भरली, पुन्हा नमुना काढला. पस्तीस मिनिटं गेली. कोणी कुरकुर केली नाही. वहिनीने बरणी उन्हाकडे धरली, दहा मिनिटं धरून ठेवली, आणि मग पदर खोचून बोटीत चढली.